आकसपट्टी

वितळलेलं बीड थंड होताना आकसतं,
फुटाला एक सूत.
म्हणून पॅटर्न करणाऱ्या सुताराची पट्टी वेगळी,
तिचा फूट बाजारातल्या फुटाहून तेवढाच लांब.
उद्यमबागेत आम्ही तिला आकसपट्टी म्हणायचो.
त्यातला आकस लोखंडाचा. आमचा नव्हे.

भरमूला हे मी शिकवलं, असं लोक सांगतात.
खोटं आहे.
आम्हा दोघांना ते एका पंपाने शिकवलं.

अनगोळच्या भातशेताला लागून पत्र्याची शेड,
हुबळीच्या लिलावातली एक लेथ,
बायकोच्या पाटल्यांवर उभी राहिलेली भट्टी.
मी सागवानात कोरलं पंपाचं पोट,
पोराच्या दप्तरातल्या पट्टीने मापून.
ओतलं. रेती फोडली. घासलं.
पंखा आत जाईना.
बरोबर एक सूत.

त्या रात्री भरमू हुंदरे त्या पंपावर घण घालत राहिला,
रडत होता, तुकडे वेचून पुन्हा भट्टीशी नेत होता.
"चुकलेलं लोखंड गावात फिरता नये, मोनाप्पा.
नाव हाय की आपलं त्यावर."

मग पुण्याहून ट्रॅक्टरवाल्यांची ऑर्डर आली.
शेडला शेड चिकटली,
भाताचे वाफे एकेक करून काळ्या रेतीखाली गेले,
ज्यांचे वाफे, तेच गेटवर वॉचमन झाले.
तिसऱ्या गेटचं फाटक पडलं
की रुळांच्या दोन्ही बाजूंना त्याचेच ट्रक.
भरमूचा भरमाण्णा झाला,
भरमाण्णाचे बी. के. साहेब.
मच्छेला दुसरा कारखाना, गावात बँक,
कुस्तीच्या मैदानात सगळ्यात उंच फेटा
सगळ्यात बुटक्या माणसाच्या डोक्यावर.
पाटी मराठीत की कन्नडात,
म्हणून बाहेर दगड पडत,
तेव्हा आत दोन्ही भाषांत पगार कापला जाई.

खोटं कशाला बोलू, माझं घर त्याच पगारावर झालं.
धाकटीच्या लग्नात साहेब स्वतः
पंगतीत कुंदा वाढत होते.

आणि इब्राहिम मुल्ला.
रेती ओली राहिली, लोखंड उसळलं, त्याच्या बुटात शिरलं.
दवाखान्याचं बिल साहेबांनी भरलं,
मग अठरा हप्त्यांत वळतं केलं.
कोअर करणाऱ्या वडगावच्या बायका
त्या दिवशी जेवणाचे डबे न उघडता घरी गेल्या.
दुसऱ्या दिवशी आल्या.

एकदा क्रँककेसला चीर दिसली, केसाएवढी.
मी नेऊन दाखवली.
साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं,
अगदी त्या रात्रीसारखं, सावकाश,
मला वाटलं, आता घण मागतील.
"लांबी भरा," म्हणाले. "वरून करडा रंग."
घण कोपऱ्यात होता.
त्याचा दांडा मीच बसवला होता, बाभळीचा.

आता पॅटर्न मशीन कापतं.
किती आकसेल ते कॉम्प्युटर आपणच धरतो.
साहेबांच्या तेराव्यानंतर सुहास घरी आला,
पाया पडला, म्हणाला,
"मामा, गेटवरचं बाबांचं नाव तेवढं तुमच्या हातचं पाहिजे.
चार फूट उंच अक्षरं. बिडातच ओतू."
मी विचारलं, "चार फूट गरम की गार?"
हसला. त्याला वाटलं, म्हातारा चळला.

खानापूरचा सागवान आणलाय. चांगला वाळलाय.
'भ' कोरायला घेतलाय.
खोक्यात दोन्ही पट्ट्या आहेत;
नातवाच्या दप्तरातली मी कालच मागून ठेवली.
तिनेच मापतोय.

अक्षरं चार सुतं कमी भरतील.
इतक्या उंचावर कुणाला कळणार नाही.
भरमूला कळलं असतं.